कोकोचा गाळ

मलकापुरात आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. यजमान फौजेतून सुटून आले आणि कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला लागले. दक्षिणेतल्या छावणीत त्यांना कॉफीची सवय जडलेली. आमची सगळी गल्ली चहावाली. मी कॉफी भाजायला घेतली की शेजारीण भिंतीवरून विचारायची, "काय जळून राह्यलं वो?"

एका हिवाळ्यात त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी आधी कॉफी बंद केली. माणूस नुसता चिडचिडा झाला. तेवढ्यात त्यांच्या पलटणीतला केरळकडचा एक मित्र आमच्याकडे उतरला आणि जाताना कोकोच्या भाजलेल्या बिया देऊन गेला. उकळून प्यायचं, कॉफीची आठवण येत नाही, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिया सोलून खलबत्त्यात कुटल्या. भुकटी होईल असं वाटलं होतं, पण तेल सुटून काळा चिकट गोळा झाला. तो पाण्यात उकळला, फडक्यातून गाळला, गूळ टाकला. यजमानांनी पेलाभर घेतला. "कडू हाये, पण जमते," म्हणाले आणि कामावर गेले. मीही दोन घोट चाखले. फडक्यातला गाळ फेकवेना. दुधाच्या खरवडीत कालवून परसात बसणाऱ्या आमच्या कुत्र्यापुढे ठेवला. त्याने ताटली चाटून पुसून काढली.

दुपारी शेजारीण ओरडली, "बाई, कुत्र्याले काय झालं वो? पाहा, कसं थरथर करून राह्यलं!"

कुत्रं ओकत होतं. उठायचं, धडपडायचं, पुन्हा पडायचं. त्याने नुसता गाळ खाल्ला होता. यजमान तर अख्खा पेला प्यायले होते.

मी दार उघडं टाकून पळाले. जिनिंगच्या फाटकात यजमानांना हाक मारली. ते कापसाच्या ढिगामागून आले. अंगभर कापूस चिकटलेला.

"काऊन आली तू इथं?"

"तुमाले काही होऊन तं नाही राह्यलं ना?"

मी सारं सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकताच छातीवर हात ठेवला. "सकाळपासून जराशी धडधड हाये," म्हणाले. ते ऐकून माझंच काळीज उडायला लागलं. ते भीतीनं, की त्या दोन घोटांनी, काही कळेना.

तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले. "या बियांचं मला काही माहीत नाही," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? संध्याकाळपर्यंत इथंच बसा. मी मधून मधून पाहीन."

बाकावर बसलो. डॉक्टर येत, यजमानांचं मनगट धरत आणि आत जात. प्रत्येक वेळी मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघे.

"मले काही झालं तं तू भावाकडं जाय, चिखलीले," यजमान हळूच म्हणाले. "इथं एकटी राहू नको."

"असं बोलू नका," मी म्हणाले. त्यांच्या बाहीवरचा कापूस मी एक एक तंतू करून काढत बसले.

उन्हं उतरली. यजमान म्हणाले, "मले भूक लागली." तेव्हा मला रडू फुटलं. डॉक्टर हसले आणि घरी जा म्हणाले.

परसात कुत्रं मरून पडलं होतं. शेजारणीने त्याच्यावर पोतं टाकलं होतं. यजमानांनी बाभळीखाली खड्डा केला. माती लोटताना आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

पुढे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोको कुत्र्याला सोसत नाही, माणसाला चालतो. यजमानांनी पुन्हा मागितला. मी करून दिला. नंतर बिया संपेपर्यंत देत राहिले, पण स्वतः एक घोटही घेतला नाही. ते पेला रिकामा करून सायकलवर टांग मारत आणि मी हातातलं काम टाकून दारात उभी राहत असे. "आता तं बस ना निवांत," ते म्हणत. मला ते कधीच जमलं नाही. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी त्यांची घंटी वाजली, की मगच मी चूल पेटवायची.