काचेपलीकडचं धुकं

ऑगस्टमध्ये शारजात सकाळी जाग येते तेव्हा खिडकीची काच दुधासारखी पांढरी झालेली असते. आत एसीचा अखंड शिशिर, बाहेर समुद्रावरून आलेला जड, खारट, ओला उष्मा आणि मधल्या गार तावदानावर साचलेलं दाट धुकं! समोरची इमारत, मशिदीचा मिनार, खालचा मल्याळी कॅफेटेरिया, सारं काही त्या शुभ्रतेत विरघळून जातं. आपल्याकडे धुकं म्हटलं की शाल आठवते. इथे त्या धुक्यात पाऊल टाकलं की घामाच्या धारा लागतात. पुण्याच्या बहिणीला हे सांगितलं तर तिला वाटतं, मी थापा मारते आहे.

गेल्या उन्हाळ्यात, आमचं निम्मं मराठी मंडळ सुट्टीला गावी गेलेलं असताना, उरलेल्या आम्हा लोकांना एका जुन्या रशियन कथेने झपाटलं. मोठ्यांच्या जगापासून दूर पडलेलं एक मूल, बर्फात बुडालेलं घर, गोठलेली खिडकी. बस, एवढीच कथा. तिच्यावर निघालेला कृष्णधवल चित्रपटही आम्ही एकत्र बसून पाहिला. त्यातलं ते मूल काचेवरच्या बाष्पात बोटाने आपल्या माणसाचा चेहरा काढतं. आपणही ही कथा मराठीत पडद्यावर आणायची, असं ठरलं. पण इतका बर्फ वाळवंटात कुठून आणायचा? विनयकाका दुबईत रास अल खोरच्या भाजीबाजारात नोकरी करतात आणि उरलेल्या वेळात मंडळाच्या कार्यक्रमांचं दिग्दर्शन करतात. ते म्हणाले, "बर्फ नाही तर नाही, धुकं आहे ना आपल्याकडे! यल्ला, चला, करून टाकू." खरंच, एकटेपणाला कुठे व्हिसा लागतो?

मुलाच्या भूमिकेसाठी त्यांनी माझी नऊ वर्षांची ईरा निवडली. तिचा बाबा, समीर, अबूधाबीच्या समुद्रात तेलाच्या रिगवर असतो. महिनाभर तिकडे, महिनाभर घरी. तो निघतो तेव्हा ईरा कधी रडत नाही. "बाय बाबा, टेक केअर," म्हणते आणि गृहपाठाला बसते. ही शहाणी आहे की आतल्या आत कुढते आहे? आई असूनही मला ते सांगता येत नव्हतं. कॅमेऱ्यासमोर ते सगळं बाहेर आलं, तर चारचौघांत माझ्या लेकीचं काय होईल? नको म्हणावं, असं दहादा ओठांवर आलं. पण तिचा उत्साह पाहून मी गप्प राहिले.

चित्रीकरण आमच्याच हॉलमध्ये होतं. ईरा खिडकीशी उभी राहिली, तिने बोट टेकवलं, फिरवलं, आणि काचेवर काहीच उमटलं नाही! थंड देशाची कथा आम्ही इतकी मन लावून वाचली होती, की इथे धुकं काचेच्या बाहेरून धरतं, हे रोज पाहूनही एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. काकांनी कपाळावर हात मारला. कोणी म्हणालं, किटलीची वाफ धरा. कोणी म्हणालं, पाण्याचा फवारा मारा.

"नको काका, लीव्ह इट," ईरा म्हणाली. "बाबा घरी असला की तो बाल्कनीत जातो. मी आतून बोट फिरवते, अँड ही ड्रॉज इट फ्रॉम आउटसाइड. आता तो नाहीये, सो नाहीच येणार ना."

काकांनी हळूच खूण केली, कॅमेरा सुरू झाला. तिने भुवया काढल्या, चष्मा काढला, मिशा काढल्या. कोऱ्या काचेवर, सावकाश, एकही रेघ न चुकवता. मग मान तिरकी करून, चेहरा जमला आहे का, हे पाहिलं. थांबा म्हणायचं काकांच्या लक्षातच राहिलं नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडत होते, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानाने माझी छाती फुगली होती! ज्या दुःखाला मी घाबरत होते, ते या पोरीने केव्हाच उचलून नीट ठेवलं होतं. त्या परदेशी चित्रपटाला जे बर्फाच्या राशी ओतून साधलं, ते माझ्या लेकीने एका बोटाने साधलं. यात आईचं कौतुक आहे, हे मान्य. पण नुसतं तेवढंच नाही.

पुढच्या महिन्यात मंडळाने तो लघुपट दाखवला, तेव्हा समीर सुट्टीवर होता. तो प्रसंग आला आणि समीर हुंदके देऊन रडू लागला. टाळ्या थांबेनात. ईरा आम्हा दोघांच्या मधे बसली होती. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाली, "बाबा, डोन्ट क्राय. इट वॉज जस्ट अ‍ॅक्टिंग."

त्याने डोळे पुसले. त्याला ते पटलं. अभिनय तिने केला होता हे खरं, पण तो पडद्यावर नव्हे, आत्ता, माझ्या शेजारी बसून. आणि तो अभिनय पाहणारी मी एकटीच होते.