धुऱ्यावर चढलेली गाडी

पोळ्याला बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे जावई, पुण्याहून नवी फोर बाय फोर घेऊन आले. सकाळपासून सस्पेन्शनचं कौतुक असं चाललं होतं, जणू ते यांनी स्वतः भट्टीत घडवलं होतं. ही गाडी म्हणे डोंगर चढते. पुण्यात ती मॉलच्या पार्किंगपेक्षा उंच कशावर चढली नव्हती.

आमच्या शेतात दगडांचा एक धुरा, म्हणजे बांध, आहे. बैलसुद्धा त्यावर पाय देत नाहीत. वीस पावलांवर वाट आहे, तिथून जातात. जावयांनी मात्र माझ्या हातात मोबाईल दिला आणि गाडी भरधाव धुऱ्यावर घातली. पहिल्या खेपेला ती निभावली. पण व्हिडिओत यांचा चेहरा आला नाही, म्हणून पुन्हा गेले. या वेळी खाडकन आवाज झाला, पुढचं चाक आत मुडपलं आणि शॉकअपचं तेल मातीत गळायला लागलं.

खाली उतरून म्हणाले, "तुमचा धुराच चुकीचा बांधलाय."

जावई म्हटल्यावर तोंड आवरावं लागतं.

बाबा विहिरीजवळ बैलांची शिंगं रंगवत होते. जावयांनी त्यांना सांगितलं, बैल जुंपा आणि गाडी ओढून काढा.

बाबांनी मान वर केली नाही. "आज पोळा हाय, जवाईबापू. आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. तुमचे खांदे रिकामेच हायेत."