ओवा नको म्हणून थाइम

माझी मुलगी जन्मतःच गेली. त्यानंतर मी घरातला ओवा फेकून दिला. बाळंतिणीच्या धुरीसाठी आईनं तो आधीच निवडून, उन्हात घालून बरणीत भरून ठेवला होता. मी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी आले आणि बरणी सरळ कचऱ्यात उलटी केली. तेव्हापासून आमच्या जे. पी. नगरच्या घरात भज्यांतसुद्धा ओवा पडला नाही, आणि मुलीचा विषयही कुणी काढला नाही.

दोन वर्षांनी मी बाल्कनीत थाइम हा सूप-पिझ्झ्यात घालायचा विलायती पाला लावला, तो एवढ्याचसाठी की त्याच्याशी आमच्या सात पिढ्यांचा संबंध नव्हता. तुळस, गवती चहा, कढीपत्ता, सगळ्यांत आईच्या आठवणी आणि आईची औषधं. मला असं एक झाड हवं होतं, ज्याला बघून कुणाला काही आठवणार नाही.

बी मोहरीपेक्षाही बारीक. मला शिंक आली असती तर सगळंच उडालं असतं. ते मातीवर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही; उजेड लागतो त्याला. आईला काही हे पटेना.

"उघड्यावर कुठं बी रुजतं का ग? स्वल्प माती टाक वरून."

"हात लावू नकोस," मी खेकसले.

"सरी, तुझं तू बघ," इथल्या कानडीतलं 'बरं' फेकून ती आत गेली. पण कोंब दिसले तेव्हा मी पहिली हाक तिलाच मारली.

रोपं जरा दाट झाल्यावर एका सकाळी आईनं शेंडा खुडला, बोटांत चुरडला आणि नाकाशी नेला. "अग, हा तर ओवाच की," ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

मीही चुरडून बघितला. ओवाच. इतके महिने जपलं, पण वास म्हणून घेतला नव्हता. चांगलीच थट्टा झाली माझी. चिडायला हवं होतं, पण रडूच फुटलं. मी तिथंच फरशीवर बसले. आई गुडघे धरत शेजारी टेकली.

"तू नको म्हणालीस, बघितलंच नाहीस तिला," ती म्हणाली. "नर्सनं माझ्या हातात दिली होती. नाक अगदी तुझं होतं."

एवढे दिवस हे ती एकटीच घेऊन बसली होती. मी पदरानं तिचे डोळे पुसले.

"आणि केस?" मी विचारलं.