वर्तणुकीचा दाखला

मला राग पटकन येतो. तेव्हाही यायचा, आणि त्या रागातच मी सरपंचाच्या पोराचं नाक फोडलं. दुष्काळातला टँकर आला होता. रांगेत माझ्या आईची घागर पुढं, तर या शहाण्यानं लाथ घालून ती उलथवली. पाणी सांडलं, आई पडली. मग काय, धरला आणि हाणला. आजही हाणीन.

पंचाईत महिन्याभरानं झाली. मी मॅट्रिक पास होऊन जामखेडच्या रस्त्यावर खडी फोडत होतो. साखर कारखान्यात कारकून हवे होते, म्हणून हायस्कूलच्या मास्तरांनी मला अर्ज लिहायला बसवलं. मी पाल्हाळ लावला, तर त्यांनी कागदच टराटरा फाडला. "गरिबीचं रडगाणं नको. तू काय कामाचा, ते लिही!" मग लिहिलं: अक्षर सुवाच्य, हिशेब चोख, दुष्काळी कामावर मुकादमाच्या वतीनं मजुरांची हजेरी मांडतो. अर्ज झकास झाला. पण सोबत चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा होता, तोही सरपंचाच्या सहीचा. घ्या!

सरपंच चावडीत म्हणाला, "देतो की. आदी माजं पोरगं तुला मारंल. तू हात उचलायचा न्हाई."

मी हात पाठीमागं घट्ट धरून उभा राहिलो. पहिल्याच बुक्कीत ओठ फाटला. मग पोटात लाथ, मग तोंडावर वहाण. दात तुटून जिभेवर आला, तो रक्तासकट गिळला. मेल्याचा गळा दाबावासा वाटत होता. दारात आई उभी होती, एकेक फटका बघत होती. पोरगं दमलं तेव्हा थांबलं. सरपंचानं लिहून दिलं, 'स्वभाव शांत. आजवर कोणावर हात उगारलेला नाही.'

मुलाखतीत साहेबानं दाखला वाचला, माझं सुजलेलं तोंड पाहिलं.

"कुणी मारलं?"

"गावातल्यानं."

"आणि तू?"

"म्या काय न्हाई केलं, साहेब."

त्यानं दाखल्याची घडी घातली. मग अर्जावरची हजेरीची ओळ बोटानं दाखवत म्हणाला, "सोमवारपासून ये."

सहा महिन्यांनी कायम झालो. नेमणुकीचा कागद घेऊन घरी आलो, तर आई ताट वाढत होती.

"आता काढत्याल का रं तुला?"

"न्हाई. आता पक्की झाली नोकरी."

"मग जा. पारावर बसलंय सरपंचाचं पोरगं. ताट झाकून ठिवते."