चुकलेला ठेका

देवाचं भजन करून परतताना माझा नवरा मोटरसायकलवरून पडला, ही गोष्ट मी देवाला अजून विसरू दिलेली नाही. अल्लीपूरच्या भजनी मंडळात खंजिरी यांचीच. भजन कितीही लांबो, यांचा ठेका हलायचा नाही. हेल्मेट मात्र घरी खुंटीला. डोक्याला मार लागला आणि वर्ध्याच्या दवाखान्यात हे डोळे मिटून पडले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "देवावर भरोसा ठेवजा, वहिनी." म्हणायला काय जातं?

श्वास मात्र हे स्वतःच घेत होते, यंत्राशिवाय. उशाशी मॉनिटरच्या पडद्यावर हृदयाचे ठोके दिसायचे, अगदी एकासारखा एक. मी त्या ठोक्यांनाच धरून बसले. माणूस बेशुद्ध असला तरी ताल सुटलेला नाही, असं मनाला समजावलं आणि देवाला एकच मागत राहिले, हा ठेका असाच ठेव. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी मोठ्या कौतुकानं म्हटलं, "मॅडम, ठोके कसे एकसारखे पडून राह्यले."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "तेच बरं नाही, ताई. निरोगी माणसाचा ठोका श्वास घेताना थोडा जलद होतो, सोडताना थोडा संथ. मेंदूला मार बसला की हृदयावरचा त्याचा ताबा ढिला पडतो. मग ठोके असे घड्याळासारखे एकसुरी पडतात."

म्हणजे जे नको तेच मी मागत होते आणि देव ते मुकाट्यानं देत होता. मला इतका संताप आला की पर्समधली अंगाऱ्याची पुडी मी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

शेजारच्या खाटेवर समुद्रपूरकडच्या एका मावशींचा मुलगा होता, तसाच बेशुद्ध. मावशी बौद्ध. सकाळी हात जोडून हळू आवाजात वंदना म्हणायच्या, मग मुलाजवळ गप्प बसायच्या. पुडी टाकताना त्यांनी मला पाहिलं. मी चिडूनच विचारलं, "तुम्ही काय मांगता, मावशी?"

"मांगाचं काय, बाई? श्वास येऊन राह्यला, जाऊन राह्यला, तेवढं पाहाचं." मग त्यांनीच माझी बोटं यांच्या मनगटावर ठेवली. "धरून बस. आता कोणाले काही मांगू नोको."

मी बसू लागले. रोज, काही न मागता. श्रद्धा म्हणून नाही, मागावं काय हेच कळेना म्हणून. एका दुपारी बोटांखालची नाडी श्वासाबरोबर किंचित धावली, मग रेंगाळली. पुन्हा तसंच. जन्मभर न हललेला यांचा ठेका हलत होता आणि मी रडत होते. डॉक्टरीणबाईंनीही तपासून मान डोलावली. पुढे यांनी डोळे उघडले.

मावशींचा मुलगा गेला. निघताना त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि यांच्या मनगटाला हात लावला. "चांगली चालून राह्यली," एवढंच म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

आता हे घरी आहेत. उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, थंडीतही घाम फुटतो, कुकरची शिट्टी झाली तरी छाती धडधडते. खंजिरी हातात घेतात, ताल चुकतो, मंडळी दुसरीकडे बघतात. देवानं दिलं ते असं दिलं, आणि एका आईला तेवढंही दिलं नाही. का, ते मला कळलेलं नाही आणि कळल्याचं नाटक मी करत नाही. मागणं मात्र सुटलं. संध्याकाळी यांचं मनगट धरून बसते. आभार मानायला हात जोडले की आधी मावशी दिसतात. देव त्यांच्यामागे कुठे उभा असेल, तर त्यालाही ते पोचतील.