तक्त्यातली सूचना

सासू-सुनेच्या भांडणाला कारण लागत नाही म्हणतात. आमच्याकडे मात्र होतं, न्हाणीघराची खिडकी. सासूबाई मुंबईच्या, बंगळूरचा गार वारा त्यांना सोसत नव्हता. आल्यापासून त्या खिडकीच्या फटीत जुना टॉवेल कोंबत, आणि भिंतीला बुरशी येते म्हणून मी तो ओढून काढी. दुपारी त्या कपाळाला सुंठ लावून पडत. माझ्या हातचं जेवायचं नसलं की डोकी दुखतात, असं मी नवऱ्याला म्हटलंही होतं. त्या दिवशी पुन्हा टॉवेल दिसला. "बसा कोंडून," असं म्हणून मी इंदिरानगरच्या ऑफिसला निघून आले.

कंपन्यांच्या माहितीपुस्तिका छपाईसाठी तयार करणं हे आमचं काम. मजकूर एका फाइलमध्ये असे आणि त्यातल्या प्रत्येक तुकड्यावर तो काय आहे याची खूण. तो कागदावर कसा दिसावा याचे नियम दुसऱ्या फाइलमध्ये, कंसांनी बुजबुजलेल्या भाषेत. तुकड्याने आधी आपण कुणाच्या पोटात आहोत ते पाहायचं आणि तसं वागायचं. सून नाही का, माहेरी वेगळी नि सासरी वेगळी. धोक्याची सूचना प्रकरणात आली तर ठळक, चौकटीत. कृतीच्या पायरीत आली तर पायरीखाली, तिरक्या अक्षरात. हे नियम मी लिहीत होते आणि त्याचा मला थोडा तोराही होता.

समोर गॅस गिझरची पुस्तिका होती. चाचणीचा कागद निघाला, तर बसवणीच्या तक्त्यात एक रकाना कोरा. तक्त्यातल्या सूचनेसाठी मी नियमच केला नव्हता, आणि बाकी कुठेही आली तर काही छापू नये असं शेवटी लिहून ठेवलं होतं. काय गळलं ते पाहायला मूळ मजकूर उघडला. लहान न्हाणीघरात खिडकी बंद ठेवून गिझर वापरू नये, जळक्या वायूला वास नसतो, डोकं दुखतं, भोवळ येते, माणूस दगावू शकतं.

आमचा गिझर दुसऱ्या कंपनीचा होता, पण गॅस तोच. आणि आम्ही दोघं बाहेर पडलो, घर आवरलं, की मग सासूबाईंची आंघोळ. तीच वेळ झाली होती.

आमच्याकडे फोन नव्हता. जे. पी. नगरात खाली घरमालकीण अक्का राहत, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातल्या. त्यांच्याकडे आमची किल्ली असे. त्यांना फोन लावला.

"अक्का, वर जा. सासूबाई न्हाणीघरात असतील. त्यांना बाहेर काढा, गिझर बंद करा."

"काय झालं गं?"

"आधी जा हो."

"सरी, सरी, जाते. स्वल्प थांब."

त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. पलीकडून ऐकू येत होती कुकरची शिट्टी, रेडिओवरचं कन्नड बोलणं, मग जिन्यावरच्या चपला. नंतर कुणाचाच आवाज नाही. मला रडू येत होतं आणि देवाचं नावही सुचत नव्हतं. 'बसा कोंडून' एवढंच डोक्यात फिरत होतं. नवऱ्याला काय सांगू, हा विचार आला आणि त्याचीही लाज वाटली. शेजारच्याने पाणी आणून दिलं, ते मी हातात धरूनच बसले.

शेवटी रिसीव्हर उचलला गेला. अक्कांना धाप लागली होती.

"आहेत. दारात बसल्यात, ओल्या लुगड्यात. उलटी झाली. गिझर बंद केला, टॉवेल ओढून काढला. खाली आणून निजवलंय, डॉक्टराला बोलावायला माणूस गेलाय."

"दार कसं उघडलंत?"

"कडी कुठं होती? त्या जाळाची भीती वाटते म्हणून लावतच नाहीत म्हणे."

मी येते म्हणाले, पण अक्कांनी फोन ठेवला नाही. आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ, तुला सांगू नका म्हणाल्या त्या. आल्यापासून आंघोळ झाली की डोकं फुटतं, गरगरतं. सुनेला वाटेल, म्हातारी नाटक करते."

मला तसंच वाटलं होतं.