लाल कल्ले

त्या दिवशी बाजारात मी जे बोललो ते खोटं होतं. हे एवढं एक वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

किरनापूरच्या आठवडी बाजारात पहाटे गोंदियाकडून आंध्राच्या मासोळीची गाडी येऊ लागली, तेव्हाची गोष्ट. थर्माकोलची खोकी, वर बर्फ, आत एका मापाचे रोहू-कतला. तळ्याच्या मासोळीपेक्षा स्वस्त. तळ्यावर जाळं टाकणाऱ्या घरांच्या बाया मग माझ्याकडे आल्या. मी सरकारी कचेरीत बाबू, अर्ज लिहून देणारा आणि मासोळी खाणाराही. त्यांच्यात पुढं होती ती मावशी. रक्ताच्या नात्याची नव्हे, पण आमच्या घरी वीस वर्षं मासोळी तिच्याच टोपलीतून यायची.

पंच, दुकानदार सगळे बसले आणि नियम ठरला. अकरा वाजेपर्यंत ओट्यांवर फक्त तळ्याची मासोळी, खोकी त्यानंतर उघडायची. ओळखायची कशी, असं कुणीतरी विचारलं. मीच म्हणालो, सोपं आहे, आपल्या बाया पळसाच्या पानावर मासोळी मांडतात, बाहेरची बर्फावर येते. पानावरची आपली, बर्फावरची परकी. बाहेरची मासोळी आपली म्हणून विकली तर ओटा जाईल, हे कलमही माझंच. तपासायचं कामही माझ्याकडे आलं. सगळ्यांना पटलं, मला तर फारच. आपण गरिबांसाठी काहीतरी केलं, या आनंदात मी त्या दिवशी पायीच घरी गेलो.

पुढच्या मे महिन्यात मावशी प्लास्टिकच्या टबात मासोळी घेऊन आली. टबात बर्फ होता.

आधीच्या बाजारी तिची मासोळी उन्हानं नरम पडली होती आणि गिऱ्हाइकानं बोटानं दाबून नाक मुरडलं होतं. म्हणून तिनं कुल्फीवाल्याकडून बर्फाची लादी घेतली आणि फोडून टाकली. माझा नियम तिच्या डोक्यातही आला नसेल. मासोळी तिच्या तळ्याची, बर्फ तिच्या पैशाचा. यात परकं काय आलं?

शेजारच्या ओट्यावरची हसून म्हणाली, "वा गं बाई, तू बी आंध्रावाली झाली." तेवढ्यात खोक्यांचा व्यापारी आला. मोठ्यानं बोलायची त्याला सवय नव्हती. त्यानं टबाकडं बोट केलं आणि म्हणाला, "साहब, नियम तो आपका ही है."

मी वाकलो. एक रोहू उचलला, कल्ला वर केला. आत लालभडक. दोन दिवस बर्फात राहिलेल्या मासोळीचे कल्ले असे नसतात, ते फिके, मातकट पडतात. याच्या कल्ल्यात तर तळ्यातल्या शेवाळाचा एक धागाही अडकलेला होता. तो माझ्या बोटाला लागला.

मला कळलं होतं. मी चुकलो नव्हतो, फसलोही नव्हतो. पण एकीला बर्फ चालू दिला तर तो व्यापारी सगळी खोकी आत्ताच उघडेल, नियम मोडेल आणि लोक म्हणतील, बाबूनं आपल्या ओळखीच्या बाईला सोडलं. हे सगळं कल्ला मिटेपर्यंतच्या वेळात मनात येऊन गेलं. मी म्हणालो, "बाहेरची आहे."

मावशीनं माझ्या बोटाकडं पाहिलं.

"बाबू, तुमी पाह्यलं ना?"

मी बोट पायजम्याला पुसलं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं टब कलता करून बर्फ नालीत ओतला, ओट्यावरची पानं गोळा केली आणि खोक्यांच्या रांगेशेवटी जमिनीवर जाऊन बसली, अकरा वाजायची वाट पाहत. अकरानंतर तिथं स्वस्त मासोळीवर गर्दी झाली. तिची तशीच राहिली.

घरी आलो तर चुलीवर मासोळीचा रस्सा. मी ताट तसंच बाजूला सरकवलं. बायकोनं विचारलं, "काहून, बरी नाही झाली?" मी म्हणालो, मावशीची मासोळी आज घरात कशी आली, तिचं तर काही विकलं गेलं नाही. ती म्हणाली, मावशीची कुठली, खोक्यातली आहे, अकरानंतरची. तुमच्या नियमानंतर सकाळची मासोळी महाग झाली, गावातल्या निम्म्या बाया अकराचीच वाट पाहतात.

"वर्ष झालं, आपून हेच खाऊन राह्यलो. तुमाले चव समजली नाही, मंग मी बी बोलली नाही."

ज्याला मासोळी ताटात ओळखता येत नव्हती, त्यानं ओट्यावर ओळखली होती आणि नाही म्हटलं होतं.

मावशीचा ओटा गेला. पुढच्या साली तिच्या घरानं तळंही सोडलं. आता ती त्याच व्यापाऱ्याच्या खोक्यांमागं रोजीनं बसते. नियम तर आता कुणीच पाळत नाही, पण ओटा काही तिला परत मिळाला नाही.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो. पुढं दोन गिऱ्हाइकं होती, ती जायची वाट मी मुद्दाम पाहिली नाही. त्यांच्यासमोरच म्हणालो, "मावशी, त्या दिवशीची मासोळी तळ्याचीच होती. मले तवाच समजलं होतं."

तिचा विळा थांबला नाही. खवले उडत होते, एक माझ्या चष्म्यावर येऊन बसला.

"हौ," ती म्हणाली. "त्या दिवशी सांगाचं होतं ना, बाबू."

मग खोक्यातला एक कतला काढून तिनं कल्ला उघडून माझ्यासमोर धरला, जसा कोणत्याही गिऱ्हाइकासमोर धरते. कल्ला फिका होता. तिला ते माहीत होतं, मलाही.

"कापून देऊ, का अख्खी नेता?"